शुक्रवारचा डॉलर

मी मोन्तेविदेओच्या मध्यवर्ती बँकेत एकतीस वर्षं टाइपिस्ट होते. शेवटी शेवटी हुद्द्याचं नाव बदललं, पगारही थोडा वाढला, पण काम तेच राहिलं: दुसऱ्यांनी जे ठरवलंय ते स्वच्छ आणि बिनचूक टाइप करणं. त्यातली चार वर्षं मी डॉलरचा तक्ता टाइप केला.

पुढच्या कोणत्या दिवशी एका डॉलरला किती पेसो पडणार, हे तेव्हा सरकार आधीच जाहीर करायचं. डॉलर रोज थोडासा महाग व्हायचा, पण ठरलेल्या चालीनं. महागाईला लगाम बसावा आणि लोकांना उद्याचा भरवसा वाटावा, हा त्यामागचा विचार. भरवसा वाटलाही. लष्कराचं राज्य होतं, कोण कधी उचलला जाईल याचा नेम नव्हता, पण येत्या मार्चच्या सतरा तारखेला डॉलर कितीला असेल हे कोपऱ्यावरचा पेपरवालासुद्धा सांगायचा. लोक तक्त्याची घडी करून पाकिटात ठेवायचे. दुकानदार गल्ल्यामागे चिकटवायचे. मी टाइप केलेली स्टेन्सिल, मी मारलेले आकडे. बसमध्ये शेजारच्या माणसाच्या हातात तो कागद दिसला की मी आकड्यांचे रकाने सरळ आलेत का ते आधी बघायची.

माझा भाऊ ओरोस्मान माझ्याहून सहा वर्षांनी लहान. ला उनियोन भागात त्याचं ताज्या पास्त्याचं दुकान होतं. रविवारी सकाळी राव्हिओलीसाठी रांग लागायची आणि दर महिन्याच्या एकोणतीस तारखेला न्योकीसाठी त्याहून मोठी. बटाट्याच्या न्योकीच्या ताटलीखाली नोट ठेवून जेवलं की पुढचा महिना बरा जातो, असं आमच्याकडे मानतात. एक्याऐंशी साली त्यानं डॉलरमध्ये कर्ज काढलं, अठरा हजार, आणि इटलीहून राव्हिओलीचं यंत्र मागवलं. त्या दिवसांत सगळेच डॉलरमध्ये कर्ज काढायचे, कारण पेसोच्या कर्जाचं व्याज परवडायचं नाही आणि डॉलर उद्या कुठे असेल ते तर लिहूनच दिलेलं होतं. गिऱ्हाइकांना तो सांगायचा, "मी माझ्या बहिणीच्या बोटांवर कर्ज काढलंय." लोक हसायचे. मला ते आवडायचं. आवडत नव्हतं असं म्हटलं तर खोटं होईल.

ब्याऐंशीच्या सप्टेंबरात दुरास्नोचं आमच्या वडिलांचं घर विकलं गेलं. आई-वडील दोघंही गेलेले, वारस आम्ही दोघंच. मी लग्न केलेलं नव्हतं, कोर्दोनमध्ये दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होते, मला पैशांची घाई नव्हती. माझा अर्धा वाटाही मी ओरोस्मानच्या हातात दिला. दोन्ही मिळून त्याचं सगळं कर्ज एका दमात फिटून वर थोडं उरलं असतं. पण ठेवीवर पेसोत व्याज भरपूर मिळत होतं आणि डॉलर मुंगीच्या पावलानं चढत होता. थांबलेल्या प्रत्येक महिन्याला पदरात काहीतरी पडत होतं. त्यानं मला विचारलं, मी म्हटलं, ठेव मुदत ठेवीत. ती ठेव सव्वीस नोव्हेंबरला, शुक्रवारी, पिकणार होती.

इथे सुबेल्दीया साहेबांबद्दल सांगायला हवं. बेलार्मिनो सुबेल्दीया आमच्या विभागाचे प्रमुख. उंच, किंचित वाकलेले, उन्हाळ्यातसुद्धा बंडी घालणारे. आकडे नुसते टाइप करायचे नसतात, वाचायचेही असतात, हे मला त्यांनी शिकवलं. लष्करानं सरकारी नोकरांच्या याद्या केल्या तेव्हा माझ्या एका चुलतभावामुळे माझं नाव संशयितांच्या यादीत जाणार होतं. साहेब त्या अधिकाऱ्यांसमोर जाऊन बसले आणि म्हणाले, ही बाई माझी जबाबदारी. एवढं बोलायला तेव्हा छाती लागायची. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकांचा मजकूर मी टाइप करून दिला होता आणि त्याबद्दल त्यांनी मला पेन भेट दिलं होतं. माझ्या वडिलांनंतर मी ज्यांचं ऐकलं असतं, ते हेच.

त्या वसंतात, म्हणजे आमच्याकडच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरात, परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली होती. दर आठवड्याचे आकडे माझ्याच यंत्रातून जायचे, त्यामुळे मला दिसत होतं. शेजारच्या अर्जेंटिनात सगळं कोसळलं होतं. आमच्याकडेही लोक हळूहळू पेसो देऊन डॉलर घेत होते आणि बँक तक्त्यातल्या भावानं ते देत होती. मी एकदाच साहेबांना विचारलं की हे असं किती दिवस चालेल. ते म्हणाले, लोकांचा विश्वास आहे तोवर तक्ता आहे, आणि तो विश्वास ढळायचा असेल तर निदान आपल्या टेबलावरून ढळू नये. मला ते पटलं. त्यानंतर मी कुणाजवळ, भावाजवळसुद्धा, त्या आकड्यांबद्दल बोलले नाही.

पंचवीस तारखेला, गुरुवारी, साडेअकराच्या सुमारास त्यांनी मला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. टाइपरायटर आधीच तिथे आणून ठेवलेला होता. त्यांनी हातानं लिहिलेला एक कागद दिला. परिपत्रक फक्त अकरा ओळींचं. उद्यापासून तक्ता रद्द, मध्यवर्ती बँक ठरलेल्या भावानं डॉलर विकणार नाही, भाव बाजारात ठरेल. मी तिसऱ्या ओळीवर थांबले. माझ्या हातून कधी चूक होत नसे, त्या दिवशी मी पहिला कागद फाडून दुसरा लावला.

टाइप झाल्यावर साहेब समोर बसले.

"सारासोला बाई, आज या इमारतीत हे माहीत असलेली माणसं सहा. तुम्ही धरून. सातवा माणूस होता कामा नये."

मी मान हलवली.

"का, ते समजून घ्या. आज एक शब्द बाहेर गेला तर संध्याकाळपर्यंत ज्यांच्या ओळखी आहेत ते सगळे डॉलर उचलून नेतील. उरलेली गंगाजळी त्यांच्या घशात जाईल. ज्याचा बँकेत कुणी नाही, त्याच्या वाट्याला काय? आपण गप्प राहतो ते त्याच्यासाठी."

मला आजही वाटतं की ते बोलणं खरं होतं. मी शब्द दिला. संध्याकाळी सहापर्यंत मी त्या खोलीतून बाहेर पडायचं नाही आणि फोन करायचा नाही असं ठरलं. एक वाजता शिपायानं माझ्यासाठी पाव आणि थंड मांस आणून दिलं. साहेब नेहमीप्रमाणे जेवायला घरी गेले आणि तीनच्या आत परत आले. मग आम्ही दोघं समोरासमोर बसून होतो. ते फायली चाळत होते, मी नुसती खिडकीतून बंदराकडे बघत होते. ओरोस्मानचा विचार मनात येत होता, नाही असं नाही. पण मी स्वतःला समजावलं की तो आज येणार नाही, आणि आलाच तर विचारणार नाही.

तो आला. मी घरी पोचून बूट काढते न काढते तोच बेल वाजली. हातात ताज्या ताय्यारीनचं, म्हणजे शेवयांसारख्या पास्त्याचं, पुडकं, बोटांच्या नखांत पीठ. मी पाणी तापवलं, माते म्हणजे आमच्याकडचा कडवट पाल्याचा चहा, त्याची वाटी भरली, आणि आम्ही नेहमीसारखे स्वयंपाकघरात बसलो, एकच वाटी आळीपाळीनं घेत. तो दुकानाचं बोलला, रोसानाचं, म्हणजे त्याच्या मुलीचं, शाळेतलं काहीतरी बोलला. मग म्हणाला की उद्या ठेव पिकतेय. बँक उघडल्या उघडल्या पैसे काढून डॉलर घ्यावेत आणि कर्ज मिटवून मोकळं व्हावं, की आणखी तीन महिने ठेवावेत? निबियाला, म्हणजे त्याच्या बायकोला, भीती वाटत होती. गल्लीतला न्हावी म्हणत होता की काहीतरी शिजतंय.

"तू सांग, एली. तू म्हणशील तसं."

बँक उघडल्या उघडल्या गेलं तरी उशीरच होणार होता, हे मला ठाऊक होतं. पण त्या संध्याकाळी आठपर्यंत चलन बदलून देणाऱ्या पेढ्या उघड्या होत्या. साडेसहाच वाजले होते. निबियाच्या भावाजवळ पैसे असत. ठेवीच्या पावतीवर त्यानं एका रात्रीपुरते नक्की दिले असते. हे सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात गेलं. मी काहीच बोलले नाही तर तो माझ्याकडे बघेल आणि त्याला कळेल, हेही कळत होतं. तो लहानपणापासून माझा चेहरा वाचायचा. म्हणून मी चेहरा सरळ ठेवला, वाटीत पाणी ओतलं, एक घोट घेतला आणि म्हटलं:

"तक्ता आहे ना. न्हाव्याचं काय ऐकतोस?"

तो हसला. म्हणाला, हेच निबियाला सांगतो. ताय्यारीन आजच खा, उद्या चिकट होईल, असं बजावून तो गेला. मी ते शिजवलं नाही.

शुक्रवारी सकाळी रेडिओवर बातमी आली. दुपारपर्यंत पेढ्यांच्या फळ्यांवरचे आकडे पुसून पुसून लिहिले जात होते, आणि काही पेढ्यांनी तर फळाच आत नेला. तक्त्यात डॉलर चौदाच्या आसपास होता. नाताळच्या आत तो दुपटीच्या पुढे गेला. ओरोस्मानची ठेव पेसोत होती, कर्ज डॉलरमध्ये. ज्या पैशांत सगळं कर्ज फिटलं असतं, त्यांत आता अर्धंही फिटत नव्हतं. वडिलांचं घर गेलं ते गेलंच, वर कर्ज राहिलं.

सोमवारी एकोणतीस तारीख होती. मी दुकानात गेले. रांग नेहमीपेक्षा लांब होती. लोकांना त्या महिन्यात ताटलीखाली नोट ठेवायची फारच गरज वाटली असावी. ओरोस्मान न्योकी तोलत होता. मला बघून तो काउंटर सोडून बाहेर आला आणि त्यानं मला जवळ घेतलं. म्हणाला, तू वाईट वाटून घेऊ नकोस, तुला तरी कुठे माहीत होतं, त्यांनी सगळ्यांनाच फसवलं. निबियानं आतून मला खुर्ची आणून दिली. मी बसले. त्या दिवशी मी अर्धा तास बटाटे सोलून दिले.

रात्री झोप लागायची नाही तेव्हा मी साहेबांचं वाक्य आठवायची. ज्याचा बँकेत कुणी नाही, त्याच्यासाठी. माझ्या भावाचं बँकेत कुणीतरी होतं आणि मी त्याला कुणी नसलेल्या माणसासारखंच वागवलं. मला वाटायचं, हे कठोर आहे पण सरळ आहे. सगळ्यांना एकच माप. त्या एका विचारावर मी तो उन्हाळा काढला.

फेब्रुवारीत जुन्या शहरातली चलन बदलणारी एक पेढी बुडाली आणि तिची कागदपत्रं तपासणीसाठी आमच्याकडे आली. पावत्यांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याचा गठ्ठा मी सोडला आणि पंचवीस तारखेची एक पावती हातात आली. दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं. साठ हजार डॉलर, तक्त्यातल्या भावानं. नाव: ओफेलिया आर्रोस्पिदे.

आमच्याकडे बायका लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावतात. ते नाव दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण लग्नाच्या पत्रिकेवर वधूचे आई-वडील म्हणून दोन नावं मी स्वतः टाइप केली होती, बेलार्मिनो सुबेल्दीया आणि ओफेलिया आर्रोस्पिदे. त्या नावातला दुहेरी 'र' मी दोनदा तपासला होता.

मी किती वेळ ती पावती धरून बसले होते कुणास ठाऊक. शेजारच्या मुलीनं विचारलं, बरं वाटत नाही का. मी उठले, पावती फायलीत ठेवली, फाईल काखेत घेतली आणि साहेबांच्या खोलीत गेले. दार मीच लावलं.

त्यांनी पावती पाहिली. चष्मा काढला. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली की त्यांनी बायकोला एक शब्दही सांगितला नव्हता. जेवायला बसले, सूप तसंच राहिलं. तिनं विचारलं काय झालं, ते म्हणाले काही नाही. तेहतीस वर्षांचा संसार होता. ती उठली, पर्स घेतली आणि केस कापून घ्यायला जाते म्हणून बाहेर पडली.

"तिनं माझं तोंड बघितलं, सारासोला बाई. तोंडाला काय करणार होतो मी?"

मी त्यांना म्हटलं की त्याच संध्याकाळी माझा भाऊ माझ्यासमोर बसला होता आणि त्यानंही माझं तोंड बघितलं होतं.



"तुम्हाला कधी कळलं, साहेब?"

"संध्याकाळी."

"मग शुक्रवारी सकाळी ते डॉलर तक्त्याच्या भावानं परत का नाही केलेत?"

त्यांनी चष्मा पुसला, परत घातला, आणि एकदम वेगळ्या आवाजात, कामाच्या आवाजात, विचारलं की तुमच्या भावाचं कर्ज कोणत्या बँकेत आहे. तिथला संचालक त्यांच्या ओळखीचा होता. हप्ते दहा वर्षांवर नेता येतील, दंड माफ होईल, यंत्रावरचा बोजा उठवता येईल. एक फोन केला की झालं. बोलता बोलता त्यांनी हात पुढे केला, पावतीसाठी.

मला तिथे किती वेळ लागला हे मी कुणाला सांगितलेलं नाही. चटकन नाही म्हटलं असं नाही. यंत्र डोळ्यांसमोर आलं, रोसाना आली. पण मग तोच हात दिसला, याद्यांच्या वेळी माझ्यासाठी पुढे झालेला. मी पावती फायलीत घातली आणि बाहेर आले. तपासणी विभागाला एक टिपण टाइप केलं, तीन प्रतींत, पावतीचा क्रमांक, नाव, आणि ती बाई कोण हे एका ओळीत. एप्रिलमध्ये साहेब प्रकृतीच्या कारणानं निवृत्त झाले. निरोप-समारंभ झाला नाही. त्याचा माझ्या टिपणाशी काही संबंध होता का, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जाताना ते माझ्या टेबलापाशी क्षणभर थांबले. मी टाइप करत राहिले.

अशा रीतीनं दुसऱ्यांदा मी माझ्या भावाच्या जिवावर प्रामाणिक राहिले.

टिपण दिलं त्याच आठवड्यात मी भावाला सगळं सांगायचं ठरवलं. आता कशासाठी गप्प राहायचं होतं? ज्याला शब्द दिला होता तोच माणूस उरला नव्हता. रविवारी दुपारी, दुकान बंद झाल्यावर, मी मागच्या दारानं गेले. निबिया आणि रोसाना घरी गेल्या होत्या. तो यंत्राच्या पट्ट्यांमधलं वाळलेलं पीठ लाकडी काडीनं काढत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: परिपत्रक, बंद खोली, साहेबांची बायको, दहा वर्षांच्या हप्त्यांची गोष्ट, माझं टिपण. तो काडी हातात धरून ऐकत राहिला.

मग त्यानं विचारलं, "गुरुवारी मी आलो तेव्हा तुला माहीत होतं?"

"होतं."

"तू मला पाणी तापवून दिलंस. समोर बसलीस. तेव्हा माहीत होतं?"

"हो."

त्यानं यंत्राचं झाकण बसवलं. एक स्क्रू खाली पडला, तो शोधण्यात थोडा वेळ गेला. मी खाली वाकले तर म्हणाला, राहू दे.

"सांगता येत नाही, एवढंच म्हणायचंस. एवढ्यावर मी समजलो असतो."

"म्हणून तर म्हटलं नाही," मी म्हणाले.

तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू माझ्या चेहऱ्यावर अजून काही लपलंय का ते तपासतोय. "मी डॉलरचं विचारायला आलो नव्हतो, एली," तो म्हणाला. "डॉलरचं तर न्हावीही सांगत होता. मी तुला विचारायला आलो होतो."

मी माझा वाटाही त्यात गेला असं काहीतरी म्हणाले. म्हणायला नको होतं. तो म्हणाला, तुझा वाटा तू घालवलास, माझा मला घालवू द्यायचा होतास. मग त्यानं हात धुतले आणि दाराला कुलूप लावायला किल्ली काढली, म्हणजे मी बाहेर जावं.

जूनमध्ये यंत्र गेलं. चार माणसं आणि एक ट्रक. दुकान ऑगस्टपर्यंत जुन्या हाताच्या यंत्रावर रेटलं, मग तेही बंद झालं. ओरोस्मान पासो मोलिनोतल्या एका दुकानात कामाला लागला, दुसऱ्याच्या गल्ल्यामागे, दुसऱ्याच्या नावाची टोपी घालून. उरलेलं कर्ज त्यानं नऊ वर्षं फेडलं. मी दोनदा पाकीट पाठवलं, दोन्ही वेळा ते न उघडता परत आलं. तो माझ्या घरी पुन्हा कधी आला नाही. वाढदिवसाला, नाताळला मी त्यांच्याकडे जायची तेव्हा तो दार उघडायचा, गालाला गाल लावायचा, खुर्ची द्यायचा, आणि नंतर अंगणात निखाऱ्यांपाशी जाऊन मांस भाजत बसायचा. मला बोलवायची ती निबिया. दर रविवारी फोन करणारी निबिया. मी आजारी पडले तेव्हा मटणाचा रस्सा घेऊन ट्रॉलीबसनं आली तीही निबियाच. मला वाटायचं, ही बाई मोठ्या मनाची, तिनं मला माफ केलंय. त्यानं नाही केलं, तिनं केलं. एकाच्या माफीवर माणूस जगू शकतं, तशी मी जगत होते.

नव्वद साली रोसानाचं लग्न झालं. लष्कर जाऊन पाच वर्षं झाली होती. मैदानाशेजारच्या एका क्लबात जेवण होतं. नाच सुरू झाल्यावर निबिया माझ्याजवळ येऊन बसली, चपला काढल्या, पाय खुर्चीवर घेतले. थोडी प्यायलेली होती आणि खुशीत होती. आमच्यावर काय काय आलं आणि तरी पोरीचं लग्न नीट झालं, असं बोलत होती. बोलता बोलता तिनं माझा हात दाबला.

"तुझं मला सगळ्यात वाईट वाटतं, एली. चार वर्षं तू तो मेला तक्ता टाइप केलास आणि त्यांनी तुलासुद्धा कळू दिलं नाही. तुझा वाटाही गिळला. आणि हा बघ ना, वेड्यासारखा तुझ्यावरच रुसून बसलाय. मी त्याला किती वेळा म्हटलं, अरे, तिची काय चूक?"

मी तिच्याकडे बघत राहिले. मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

ओरोस्मान बारच्या टोकाला उभा होता, टाय सैल करून, एकटाच. मी उठून त्याच्याजवळ गेले. सात वर्षांत मी त्याच्याशी आपणहून बोलायला गेले ती पहिलीच वेळ.

"निबियाला सांगितलं नाहीस?"

त्यानं मान हलवली. नाही.

"का?"

"सांगितलं असतं तर तिनं तुला उंबरठ्यावर उभं केलं नसतं," तो म्हणाला. "रोसानाला एकच आत्या."

मला त्याचा हात धरायचा होता. त्यानं ग्लास त्या हातात घेतला.

मी म्हटलं, मी उद्याच सांगते तिला. सगळं सांगते. मला तिचं असं प्रेम नको.

"नाही सांगायचं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, वाद्यांच्या गोंगाटात मला वाकून ऐकावं लागलं. "सात वर्षं ती माझ्याशी भांडतेय तुझ्यावरून. मी ऐकून घेतलं. आता ते माझं आहे, तुझं नाही. गुपित ठेवायला तुला चांगलं येतं. ठेव."

तेवढ्यात रोसाना त्याला नाचायला घेऊन गेली. तो चांगला नाचायचा. मी टेबलापाशी परत गेले आणि निबियाच्या शेजारी बसले. तिनं माझ्या ताटात केक वाढला.

मी ठेवलं. अठ्ठावीस वर्षं रविवारी फोन आला की मी तो घेतला आणि तिच्या तोंडून माझी कीव ऐकली. ओरोस्मान दोन हजार नऊ साली गेला, हृदयविकारानं, पासो मोलिनोच्या बसथांब्यावर. शवपेटीजवळ निबिया मला म्हणाली, शेवटपर्यंत त्यानं तुझ्यावरचा राग सोडला नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस. मी म्हटलं, नाही लावून घेत.

निबिया गेल्याला आता बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात रोसाना आली होती, बापाचे काही कागद घेऊन. त्यात तो तक्ताही होता, चार घड्यांचा, आणि तिनं विचारलं की आत्या, हे काय आहे. मी तिला खाली बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. सांगून झाल्यावर ती उठली, पर्स घेतली आणि दारापर्यंत गेली. मग म्हणाली, मला घरी जाऊन विचार करू दे, आणि दार हलकेच ओढून घेतलं.